बडोद्याच्या आठवणी पाठवताना पत्ताही पाठवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मे महिन्याच्या सुट्टीतल्या बडोद्यावर लेख आला आणि पुढचे दोन आठवडे वाचकांच्या पत्रांत बडोदेच बडोदे होते. पाणी मारून थंड केलेल्या गच्चीवरच्या गाद्या, सेव-उसळीची तरी, कमाटीबागेतली रेल्वे, म्युझियममधला व्हेलचा सांगाडा, स्टेशनवरून घरापर्यंतचा टांगा. सगळं खरं. पण बहुतेक पत्रं एकाच वाक्यावर येऊन थांबली: आजोबांचा वाडा नेमका कुठे होता, आता आहे की नाही, कोण जाणे. मुंबईतल्या बडोदेकर घरांचे जुने कागद वाचून देणं, त्यावरून पत्ते लावून देणं हे काम आम्ही काही जण करतो. त्या नात्याने सांगतो, की ‘कोण जाणे’ म्हणायची पाळी फार थोड्या घरांवर यायला हवी. वाडा पडतो, विकला जातो, त्याचं कॉम्प्लेक्स होतं. पण त्याची जागा कुठे जात नाही. हरवतो तो पत्ता, आणि तो बऱ्याचदा आपल्याच घरात ट्रंकेच्या तळाशी पडलेला असतो.

आधी नावाचं. मराठीत हे शहर बडोदे: बडोद्याला, बडोद्यात, बडोद्याचा. आपल्या लेखात ‘वडोदऱ्यातील’ हा शब्द वारंवार आला, तो कानाला खुपला. ‘वडोदरा’ हे नाव सरकारी व्यवहारात सर्वत्र आलं ते १९७४ पासून. हा नुसता भाषेचा हट्ट नाही. त्याआधीचे इंग्रजी कागद ‘बरोडा’ या नावाखाली, मराठी कागद ‘बडोदे’ किंवा ‘बडोदा’ आणि गुजराती कागद ‘वडोदरा’ या नावाखाली लागलेले असतात. एकच नाव धरून शोधणाऱ्याला उरलेलं दप्तर दिसतच नाही.

लेखात कमाटीबाग सुरसागर तळ्याच्या काठी नेऊन ठेवली आहे. ती तिथे नाही, ती विश्वामित्री नदीच्या काठी आहे, आणि हा फरक घर शोधताना महत्त्वाचा ठरतो. जुन्या बडोद्याची रचना लक्षात ठेवायला सोपी आहे. स्टेशन पश्चिमेला. तिथून पूर्वेकडे निघालं की सयाजीगंज, मग काळा घोडा आणि शेजारी कमाटीबागेचं फाटक, मग विश्वामित्रीचा पूल, कोठी, रावपुरा, सुरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी आणि शेवटी पाणीगेट. जवळजवळ एका दोरीत. रावपुऱ्याच्या दक्षिणेला दांडिया बाजार. जुना कोट चौकोनी होता. तट गेले, चार दरवाजे राहिले: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. चारी रस्ते मधोमध मांडवीच्या इमारतीपाशी येऊन मिळतात. (मुंबईच्या काळ्या घोड्यावरचा राजा १९६५ मध्ये हलवला गेला. बडोद्याच्या घोड्यावर सयाजीराव अजून बसलेले आहेत. लहानपणी दोन्ही शहरांत वावरलेल्यांच्या आठवणीत या दोन घोड्यांची हमखास सरमिसळ होते.)

हा नकाशा डोक्यात ठेवला की आठवणींतून माग काढता येतो. टांग्याने पूल ओलांडल्याचं आठवत असेल तर घर नदीच्या पूर्वेला, म्हणजे जुन्या शहरात. पूल न ओलांडता घर आलं असेल तर सयाजीगंज, प्रतापगंज किंवा अलकापुरी, म्हणजे नंतरची वस्ती, आणि मग शोध वाड्याचा नव्हे, बंगल्याचा किंवा प्लॉटचा करायचा. घरातून घड्याळाचा टॉवर दिसत असेल तर तो रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर. सकाळी आखाड्यातल्या कवायतीचा आवाज येत असेल तर दांडिया बाजार, कारण प्राध्यापक माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर तिथलं. संध्याकाळी तळ्याभोवती फेरी मारायला नेत असतील तर सुरसागराच्या आसपास. छोट्या गाडीची, म्हणजे अडीच फुटी रुळांवरच्या नॅरोगेजची शिटी झोपेत ऐकू येत असेल तर गोयागेटचा, आजच्या प्रतापनगरचा भाग. कोणी नरसिंहजीच्या वरघोड्याची, म्हणजे देवाच्या वरातीची, गर्दी दारात पाहिल्याचं सांगतं. ती आठवण मे महिन्याची असूच शकत नाही. वरघोडा निघतो कार्तिकी पौर्णिमेला. म्हणजे त्या वर्षी मुक्काम दिवाळीचा होता आणि घर मांडवीच्या बाजूला होतं. अशी एकेक आठवण स्वतंत्रपणे कच्ची असते, पण तीन-चार एका पेठेकडे बोट दाखवू लागल्या की सहसा चूक होत नाही. भावंडांना वेगवेगळं बसवून विचारावं. एकत्र बसवलं की थोरला सांगतो आणि बाकीच्यांना तेच आठवू लागतं.

शब्दांनीही घोळ होतो. ‘आजोबा वाडीत राहायचे’ हे वाक्य गिरगावात वाढलेल्या माणसाला चाळींची वाडी वाटतं. बडोद्यात वाडी हे एका भागाचंच नाव आहे, जुन्या कोटाच्या दक्षिणेकडचं. ‘पोळ’ म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेली गल्ली. एका पोळीत वीस घरंही असतात आणि दोनशेही, म्हणून पोळीचं नाव कळलं म्हणजे घर कळलं असं नव्हे. मांडवी तर मुंबईतही आहे, कच्छातही आहे आणि सुरत जिल्ह्यातही.

सगळ्यात मोठा घोळ ‘बडोदे सरकारात नोकरीला होते’ या वाक्याचा. बडोदे संस्थान म्हणजे बडोदे शहर नव्हे. त्याचे मुख्य चार प्रांत होते: बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली. हे एकसलग नव्हते, मध्ये ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थानं होती. नोकरदार मराठी माणसाची बदली मेहसाणा, अमरेली, नवसारी अशी कुठेही व्हायची. त्यामुळे आजोबांचं लग्न बडोद्याचं, मोठ्या काकांचा जन्म अमरेलीचा आणि आत्याचा नवसारीचा, असं एकाच घरात आढळतं. बडोद्याच्या जन्मनोंदीत नाव सापडलं नाही म्हणून हात टेकू नयेत. आधी नोकरीचा क्रम लावावा, मग त्या त्या गावी शोधावं.

आता मनाला जरा न रुचणारी गोष्ट. ‘आमचा वाडा’ असं ज्याला म्हटलं जातं तो बहुतेक वेळा आमचा नसायचा. वाडा सरदाराचा, सावकाराचा किंवा एखाद्या जुन्या कारभारी घराण्याचा. आजोबा त्यातल्या दोन-तीन खोल्यांचे भाडेकरू. यात कमीपणा काही नाही. निम्म्या गिरगावाने आयुष्य तसंच काढलं, आणि मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा पुढे गुजरातेतही चालू राहिला, म्हणून तिथली जुनी भाडी इथल्या पागडीवाल्यांना ओळखीची वाटतील. पण शोधाची दिशा यावर ठरते. भाडेकरूचं नाव मिळकतीच्या कागदावर येत नाही. मालमत्ता पत्रकात आजोबांचं नाव नाही म्हणजे कुणीतरी घर लाटलं, असा अर्थ लगेच काढणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातून नसते तंटे उभे राहतात. भाड्याची पावती, विजेचं बिल, मतदारयादी, शाळेचा दाखला, टपालाची जुनी पाकिटं यांवर भाडेकरूचा पत्ता मिळतो. पाकिटं टाकून देऊ नयेत. पत्रापेक्षा पाकिटावरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का जास्त बोलतो. पत्त्यात ‘अमुक यांचे वाड्यात’ असं असतं, तो ‘अमुक’ म्हणजे मालक, आणि मिळकतीच्या कागदांत शोधायचं ते त्याचं नाव.

शाळेच्या रजिस्टरांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बडोदेकरांचं नशीब मुंबईकरांपेक्षा बरं आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला लागू केलं. मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळा सक्तीची होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या पणजीचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात असण्याची शक्यता चांगली असते. मात्र शोधायचं ते माहेरचं नाव. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचं. घरात सगळ्यांना माहीत असलेली ‘लक्ष्मीबाई’ शाळेत कृष्णा किंवा ठमा असू शकते. माहेरचं नाव कुठल्याच कागदात नसेल तर लग्नाची जुनी पत्रिका, रुखवताच्या भांड्यांवर कोरलेली नावं आणि मुंजीच्या आहेराची यादी पाहावी. तांब्याच्या घागरीवर कोरलेलं नाव आणि साल कसरीने खाल्लेल्या कागदापेक्षा जास्त टिकतं. हल्ली मोडीत घातलेल्या भांड्यांबरोबर हा पुरावाही वितळून जातो.

ट्रंकेतले कागद तीन-चार लिप्यांत असतात. सर्वात जुने मोडीत, मग देवनागरी-गुजराती, वर इंग्रजी. मोडीला लोक उगीच घाबरतात. पुराभिलेख संचालनालयाचे आणि इतरही मोडी वर्ग भरतात. अक्षरओळख दोन आठवड्यांत होते, सराईत वाचनाला मात्र काही महिने हात बसवावा लागतो. अडचण अक्षरांची कमी, सवयींची जास्त. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहीत जातात. विरामचिन्हं नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही: वेलांटी दुसरीच, उकार पहिलाच. म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ संदर्भावरूनच ओळखायचे. नावांमधला ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बिनला आडनाव समजून वंशावळीत घुसडलेलं आम्ही पाहिलं आहे. आकड्यांनंतरच्या उभ्या दंडांकडे नीट पाहावं. एक दंड म्हणजे पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. ‘२५॥’ म्हणजे साडेपंचवीस. घाईत वाचणारा त्याचे दोन हजार पाचशे अकरा करतो आणि मग घरात दंतकथा सुरू होते, की पणजोबांनी अडीच हजाराला वाडा घेतला होता. एकोणिसाव्या शतकातल्या कागदावरचे रुपये बाबाशाही आहेत का तेही पाहावं. बडोद्याचं हे नाणं कंपनी सरकारच्या रुपयाहून कमी किमतीचं होतं.

तारखांचं गणित वेगळं. एकाच घराच्या कागदांत तीन-चार कालगणना भेटतात. मराठी कागदात शक असेल तर चैत्र ते डिसेंबर या काळासाठी ७८ आणि जानेवारी ते फाल्गुनअखेरसाठी ७९ मिळवा. गुजराती कागदात विक्रम संवत असतो आणि तो गुजरातेत कार्तिकात बदलतो, चैत्रात नाही. तेव्हा दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. उत्तरेकडच्या पंचांगाच्या हिशेबाने काढलं तर वर्षभराची चूक होते आणि धाकटा भाऊ थोरल्याआधी जन्मतो. एक सोय आहे: महिने महाराष्ट्रात आणि गुजरातेत दोन्हीकडे अमांत, म्हणजे अमावास्येला संपणारे, म्हणून तिथी आणि महिना जसाच्या तसा धरता येतो. ‘छ’ अक्षराने सुरू होणारी तारीख चांद्र मुसलमानी महिन्याची. आणि जुन्या मोडीत सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरातली कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एकं आधी, हजार शेवटी. नमुन्याला ‘इहिदे सितैन मया व अलफ’ घ्या: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ आणि जानेवारी ते मेअखेरसाठी ६०० मिळवायचे. पानिपत याच सनात, जानेवारीत झालं, म्हणून १७६१. दमाजी गायकवाड त्या रणातून जिवंत परतले ते याच वर्षी. हा एक आकडा पाठ केला की पुढचे सगळे ताडून पाहता येतात.

गुजरातीची भीती तर बाळगूच नये. ही लिपी म्हणजे डोक्यावरची रेघ काढलेली देवनागरीची बहीण. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब आणि ल एवढी अक्षरं वेगळी बसवली की दुकानाची पाटी वाचता येते. सरकारी कागदात फसवतात ते आकडे. गुजराती पाच आणि ‘प’ दिसायला सारखे, दोन आणि ‘र’ सारखे, तीन आणि ‘उ’ बरेचसे सारखे. हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदीत घर क्रमांकाच्या शेवटी ‘प’ आहे की पाच, यावर दोन वेगळी घरं ठरतात. नावांची मांडणीही उलटी: आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. मराठी कागदात स्वतःच्या नावाने सुरुवात, आणि कित्येकदा आडनावाऐवजी हुद्दा किंवा मूळ गाव. म्हणून शोध दोन्ही टोकांनी घ्यावा.

मिळकत आपली होती याला काही आधार सापडला तर पुढचा टप्पा सिटी सर्व्हेचा. जुन्या बडोद्यात नुसता घर क्रमांक उपयोगाचा नाही. ‘वडोदरा कसबा’, त्याचा विभाग, टिक्का नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर हे सगळं मिळून एक जागा ठरते. महापालिकेच्या घरपट्टीचा क्रमांक तिसराच. तो सिटी सर्व्हे नंबर म्हणून दिला तर भलत्याच मिळकतीचं पत्रक हातात येतं, आणि तशी चूक फार सर्रास होते. नंबर माहीत असेल तर गुजरात सरकारच्या संकेतस्थळावर मालमत्ता पत्रक मुंबईत बसून पाहता येतं. त्यावरचा फेरफारांचा भाग तळापासून वर वाचावा: कोणाकडून कोणाकडे आणि कशाने गेलं, विक्रीने, वाटणीने की वारसाईने.

वारसाईबद्दल थोडक्यात, कारण त्यासाठी वकील गाठावाच लागतो. तिथे आधी तलाठ्यापुढे पंचांसमक्ष ‘पेढीनामं’ होतं, म्हणजे वंशावळ. मूळ मालकापासून आजपर्यंत मधल्या प्रत्येक मृताचा दाखला लागतो. मग नोंद पडते, हितसंबंधितांना जमीन महसूल कायद्याच्या १३५-ड कलमाची नोटीस निघते, हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते. गाडी अडते ती दोन ठिकाणी. पहिलं, पेढीनाम्यातून लग्न झालेल्या बहिणी आणि आत्या गळणं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर, आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर निश्चितच, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. तिला वगळून केलेलं पेढीनामं पुढे कधीही अंगाशी येतं. दुसरं, नावांतली तफावत: मृत्यूचा दाखला मुंबईचा, त्यावर ‘गणेश’, मिळकतीवर ‘गणपतराव’. दोन्ही एकच, हे प्रतिज्ञापत्राने आणि एखाद्या जुन्या कागदाने जोडून दाखवावं लागतं. आणखी एक: जुन्या शहराच्या काही भागांना ‘अशांत धारा’ लागू आहे. तिथली मिळकत विकायला जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. ती न घेता इसार घेऊन बसलेले लोक नंतर मुंबई-बडोदे खेटे घालतात.

तिथे जायचं असेल तर मुंबई सेंट्रलपासून ३९२ किलोमीटर, दिवसाच्या जलद गाडीने साडेचार-पाच तास. आठवणीतली रात्रीची वडोदरा एक्सप्रेस मुंबई सेंट्रलवर शोधू नका. २०२१ पासून ती दादरहून निघून एकतानगरपर्यंत जाते. मे महिना आठवणीत कितीही गोड असला तरी पत्ता शोधत पोळींतून पायपीट करण्याचा नव्हे. पावसाळ्यात विश्वामित्रीचा भरवसा नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीचं पाणी आणि त्यातल्या मगरी वस्तीत आल्या होत्या. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उत्तरायणाचे दोन दिवस, १४ आणि १५ जानेवारी, पोळी पाहायला सगळ्यात छान आणि कुणाला काही विचारायला सगळ्यात वाईट, कारण सगळं गाव गच्चीवर असतं.

पोळीत संध्याकाळी पाचनंतर जावं. म्हातारी माणसं तेव्हा ओट्यावर येऊन बसतात. ‘हे आमचं घर’ अशी सुरुवात कधीही करू नये. मुंबईहून कोणीतरी हक्क सांगायला आलं, असा अर्थ होतो आणि दार बंद होतं. ‘आमचे आजोबा इथे भाड्याने राहायचे, अमक्या वर्षाच्या सुमाराला’ असं म्हटलं की चहा येतो. फोनमधला फोटो दाखवण्यापेक्षा छापील प्रत न्यावी. ती हातोहात चार घरं फिरते. फोटो निवडताना माणसांपेक्षा मागचं पाहावं: कमान, जिन्याचा कठडा, विहिरीचा काठ, खिडकीच्या लाकडाची नक्षी. माणसं कोणी ओळखत नाही, कठडा ओळखतात. मोडी दप्तरात काही शोधायचं असेल तर कोठी भागातला सरकारी दप्तरखाना आहे, पण तिथे ‘आमच्या घराण्याचं काही आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी. खातं, परगणा आणि साल सांगता आलं पाहिजे. मांडवीजवळचं १९१० मध्ये स्थापन झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय मात्र काही काम नसलं तरी पाहावं. लोखंडी मांडण्यांमधली त्याची जमीन काचेची आहे, वरच्या मजल्याचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडावा म्हणून.

येताना लीलो चेवडो आणणार असाल तर तो वेगळा बांधा. लीलो म्हणजे ओला. बटाट्याचा आणि हरभऱ्याच्या डाळीचा हा चिवडा मऊच असतो आणि आपल्या पोह्यांच्या चिवड्यासारखा महिनाभर राहत नाही. आणि सेव-उसळीला कृपया ‘बडोद्याची मिसळ’ म्हणू नये. ती वाटाण्याची. वर फरसाण नव्हे, शेव. तरी वेगळ्या भांड्यात, आपापल्या हिमतीवर घ्यायची.

कागदांविषयी एक कळकळीची विनंती. जुने कागद लॅमिनेट करू नका. ती उष्णता आणि तो गोंद कागदाच्या तंतूंत मुरतो आणि नंतर काहीही केलं तरी सुटत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत तो तपकिरी होतो आणि अक्षर घेऊन निघतो. काजळीची शाई उडत नाही, पण ओल्या बोटाने पसरते, तेव्हा थुंकी लावून पानं उलटू नयेत. घडीवर फाटलेला कागद ओढून सरळ न करता सपाट पुठ्ठ्यांत ठेवावा. टाचण्या, क्लिपा काढाव्यात, गंज कागद खातो. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कोऱ्या पाठीसह काढावेत. कोऱ्या वाटणाऱ्या पाठीवरच बऱ्याचदा कोणाला काय पोचलं ते दोन शब्दांत लिहिलेलं असतं. मुंबईच्या दमट हवेत ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नये. आणि घर बदलताना किंवा पुनर्विकासात खोली रिकामी करताना रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी ट्रंक एकदा कुणा जाणकाराला दाखवावी. सर्वांत जास्त कागद जातात ते पुरात किंवा आगीत नव्हे, खोली रिकामी करण्याच्या त्या आठवड्यात.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की पुरवणीतलं हे सदर पुढे चालू ठेवणार असाल तर वाचकांकडून आठवणीसोबत चार गोष्टी मागवाव्यात: पेठ किंवा पोळ, वाड्याच्या मालकाचं आडनाव, साधारण साल आणि शेजारच्या एखाद्या घराचं नाव. चौथी गोष्ट किरकोळ वाटेल, पण दोन वेगवेगळ्या पत्रांतले शेजारी जुळले की दोन्ही घरं एकदम सापडतात.

ता. क.: लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘लहेरीपुरा दरवाजा’ असं छापलं आहे. चित्रातली इमारत मांडवीची आहे. दरवाज्यातून रस्ता आरपार जातो. मांडवी चौरस, चारी बाजूंना तीन-तीन कमानी असलेली, आणि रस्ते तिच्याभोवती. पुढच्या अंकात ओळ दुरुस्त करावी.

आपले,
मुंबईत राहणारे काही बडोदेकर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई